चाचा, जड मागवू की हलकी?

चाचा, तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले आणि मी तुमच्यावर थोडी रागावलेली आहे. असं लिहू नये, हे मला कळतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं तर मला काही शोधत बसावं लागणार नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर मला तुमच्याकडून हवं होतं. ते न देता तुम्ही गेलात असंही म्हणता येत नाही. तुम्ही दोन उत्तरं देऊन गेलात. एक मला आणि एक तुमच्या दुसऱ्या शागिर्दाला, सुनीलला.

आपलं नातं लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. मलकापूरच्या शाळेत गणित शिकवणारी मी, आणि फौजेत चोवीस वर्षं रायफली दुरुस्त करून आष्ट्याला परतलेले तुम्ही, इस्माईलचाचा. दर रविवारी सकाळी आपण पोलिसांच्या चांदमारीवर भेटायचो. मी चटईवर पालथी पडून तीनशे मीटरवरच्या कागदावर गोळ्या झाडायची आणि तुम्ही मागे स्टुलावर बसून दुर्बिणीतून बघायचात. स्टाफरूममध्ये हे सांगितलं की कुणीतरी विचारायचंच, "मिस्टरांना माहीत आहे का?" मिस्टरांना माहीत होतं. त्यांची तक्रार एवढीच होती की मी घरी आल्यावरही तुमच्याशीच भांडत असते.

भांडण एकच होतं आणि ते चार वर्षं चाललं. जड गोळी की हलकी.

आपल्या तीनशे आठ बोअरच्या रायफलीला दोन प्रकारची काडतुसं मिळायची. बाहेरून दोन्ही सारखीच, तीच पितळी पुंगळी, टोकाला तांब्याच्या रंगाची गोळी. फरक त्या गोळीच्या वजनात. एक एकशे अडुसष्ट ग्रेनची, दुसरी एकशे पंच्याहत्तर. मधले सात ग्रेन म्हणजे किती, तर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. वरणात टाकायच्या चिमूटभर हिंगाएवढं. तेवढ्यासाठी आपण कितीदा चहा गार केला.

माझं म्हणणं वहीत होतं. जड गोळी वाऱ्याला कमी दबते. आडवा वारा जोरात असेल तर तीनशे मीटरवर हलकी गोळी जितकी सरकते त्याहून जड गोळी साधारण बोटभर कमी सरकते, आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ असतं केवढं, तर चहाच्या बशीहूनही लहान. तिथं बोटभर म्हणजे पुष्कळ झालं. मी तुम्हाला आकडे काढून दाखवले होते. तुम्ही वही हातात घेतलीत, चष्मा लावलात, पान उलटंसुलटं करून पाहिलंत आणि म्हणालात, "अक्षर लय चांगलं हाय, बाई."

"अक्षर राहू द्या. गणित बघा."

"गणित बी चांगलं असंल. पर तुमच्या वहीत वारा दिवसभर एकाच बाजूनं वाहतोय. आन स्पर्धेत साठ गोळ्या झाडायच्या हायती. चाळिसाव्या गोळीला तुमचा खांदा काय म्हंतोय, ते कुठं लिवलंय?"

जड गोळी खांद्याला जास्त बसते, हे तुमचं पहिलं कारण. दुसरं कारण तुम्ही मला करून दाखवलंत. नळीच्या आत पीळ असतो, त्या पिळामुळे गोळी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तुम्ही तुमच्या मुलीची, शबानाची, नेलपॉलिशची बाटली खिशातून काढलीत, नळी साफ करायच्या सळईवर लाल ठिपका दिलात, कापडाचा तुकडा घट्ट बसवून सळई नळीत सरकवायला लागलात. ठिपका फिरत फिरत खाली गेला आणि पुन्हा वर आला. तिथं तुम्ही दुसरी खूण केलीत आणि मला पट्टी धरायला लावलीत. बारा इंच.

"बारा इंचात एक फेरा. म्हंजी पीळ सैल हाय. ही नळी हलक्या गोळीची हाय, बाई. जडीला नीट फिरवायची म्हंजी हिला घाम फुटंल."

मी म्हणाले की बारा इंचाच्या पिळातून जड गोळी व्यवस्थित जाते, कितीतरी लोक झाडतात. तुम्ही म्हणालात, "लोकांची नळी लोकांपाशी." आणि विषय संपला. संपला म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत.

काडतुसांची मागणी आपल्या रायफल क्लबकडून वर्षातून एकदाच जाते. ठरावीक संख्या मंजूर होते. दोन्ही प्रकार निम्मे निम्मे घेतले तर कुणाचंच वर्ष भागत नाही, आणि प्रत्येक वेळी प्रकार बदलला की नेम पुन्हा बसवण्यात पंधरा-वीस गोळ्या जातात. म्हणून एकच प्रकार मागवायचा, आणि तो तुम्ही सांगायचा, हे सेक्रेटरींनी केव्हाच मान्य केलेलं. चारही वर्षं तुम्ही हलकी सांगितलीत. या वर्षी मात्र तुम्ही त्यांना म्हणालात, कागद बाईकडं द्या. मला वाटलं, तुमचा चष्म्याचा नंबर वाढला असेल.

तो शेवटचा रविवार. मी वीस गोळ्या झाडून उठले होते. थर्मासमधला चहा तुम्ही झाकणात ओतून मला दिलात आणि अगदी सहज म्हणालात, "बाई, औंदा जडच मागवा."

"काय म्हणालात?"

"जड. एकशे पंच्याहत्तर. तुमचं बराबर हाय."

चाचा, मी चार वर्षं या वाक्याची वाट बघत होते. मी कारण विचारलं नाही. कारण विचारलं तर तुम्ही विचार बदलाल, अशी भीती वाटली. मी चहा प्यायले आणि कागद काढायला टार्गेटकडे चालत गेले. तीनशे मीटर जाताना आणि येताना मी मनातल्या मनात हसत होते. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आता रविवारी काय करणार तुम्ही दोघं?"

गुरुवारी सकाळी शबानाचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी आष्ट्याला आले. चाचींजवळ बसले. त्याच म्हणाल्या, "रविवारच्या सकाळी लई घाई असायची त्यांना. नाश्ता अर्धा टाकून जायचे." मी मान हलवली. बाहेर मांडवात सुनील भेटला. तो कोरेगावहून मोटरसायकलवर आला होता, ग्रीसचे डाग असलेल्या हातांनी त्यानं रुमाल डोक्याला बांधलेला. मोटर रिवाइंडिंगचं दुकान त्या दिवशी त्यानं बंद ठेवलं होतं. तुम्ही त्याला सुन्या म्हणायचात आणि तो तुमच्यापुढं कधी स्टुलावर बसला नाही.

मग तो म्हणाला, "म्याडम, आता ह्ये बोलू नये, पर मागणीचा कागद कवा जानार?"

"महिनाअखेर. चाचांनी जड सांगितली आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "जड? न्हाई वो. हलकी."

"मला स्वतः सांगितलं त्यांनी. मागच्या रविवारी."

"मलाबी मागच्याच रविवारी. तुमी कागद काढायला फुडं गेलता तवा. मी रायफल पुसत हुतो. म्हनले, सुन्या, औंदाबी हलकीच, आन बाईलाबी तसंच सांगितलंय."

पहिल्यांदा माझ्या मनात आलं की हा खोटं बोलतो आहे. सुनीलला हलकी गोळी आवडते, तो तुमच्यासारखाच तिच्यावर वाढला. मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं तर त्याच्याही मनात माझ्याबद्दल तेच आलेलं दिसलं. तुमच्या दारात, तुमच्या जियारतीला, तुमचे दोन शागीर्द एकमेकांना खोटारडे समजून उभे होते. तुम्ही असता तर आम्हाला चांगलं झापलं असतंत.

त्या दोन वाक्यांच्या मध्ये फार तर दहा मिनिटं गेली असतील. चहाचं झाकण माझ्या हातातून तुमच्या हातात गेलं, मी चालत निघाले आणि मी टार्गेटपर्यंत पोचायच्या आत तुम्ही सुनीलला उलट सांगितलंत. का? मी खूप विचार केला. कदाचित तुम्ही प्रत्येकाला त्याच्या खांद्याप्रमाणे सांगितलं असेल. पण मग 'बाईलाबी तसंच सांगितलंय' हे कशाला? कदाचित माझी गंमत केली असेल. पण तुम्ही काडतुसांबाबत कधी गंमत केली नाहीत. काडतूस खाली पडलं तर ते उचलून, पुसून, बाजूला ठेवून देणारा माणूस.

निघताना शबानानं मला आतल्या खोलीत बोलावलं. ती सांगलीहून आली होती, डोळे सुजलेले. मी तिला हे सगळं सांगितलं, तक्रार म्हणून नाही, मला कुणालातरी विचारायचं होतं म्हणून. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दीदी, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"काय?"

"अब्बांचं. वर्ष होऊन गेलं. मला फुफूच्या, त्यांच्या बहिणीच्या, नावानं हाक मारायचे. नमाज पढून झाली तरी पुन्हा वजूला, हातपाय धुवायला, बसायचे. अम्मीनं कुणाला बोलू दिलं नाही. म्हणायची, फौजी माणूस आहे, लोकांना कळलं तर त्यांना सोसणार नाही. रविवारी मात्र ठणठणीत असायचे. म्हणून तर जाऊ द्यायचो."

मी गाडीत येऊन बसले आणि कितीतरी वेळ चावी फिरवली नाही.

चाचा, तुम्ही मला दोनदा विचारायचात. वारा कुठून आहे, असं विचारायचात, मी सांगायची, डावीकडून. पाच मिनिटांनी पुन्हा, "बाई, वारा कुठून हाय?" मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी पुन्हा झेंड्याकडं बघायची, गवताकडं बघायची, आणि कितीतरी वेळा वारा खरंच बदललेला असायचा. मी उत्तर बदलून सांगायची आणि तुम्ही मान डोलवायचात. गेल्या वर्षभरात माझा वाऱ्याचा अंदाज सुधारला तो यामुळं. मी स्टाफरूममध्येसुद्धा सांगितलं होतं की शिकवावं तर असं, एकच प्रश्न पुन्हा विचारावा म्हणजे मूल पुन्हा बघतं. मी वर्गात तसं करून पाहिलं होतं.

ते शिकवणं होतं की विसरणं? कुठल्या रविवारपर्यंत शिकवणं होतं आणि कुठल्या रविवारपासून विसरणं सुरू झालं? मी जुनी वही काढून बसले, तारखा बघितल्या, कुठं काही खूण सापडते का पाहिलं. वहीत वारा आहे, ऊन आहे, गोळ्या कुठं लागल्या ते आहे. तुम्ही किती वेळा काय विचारलंत ते मी लिहून ठेवलेलं नाही.

आता एवढं झाल्यावर काडतुसांचा प्रश्न साधा राहिला नाही. जड मागवली तर तुम्ही त्या सकाळी शुद्धीत होतात, चार वर्षांनी तुम्हाला माझं पटलं होतं आणि सुनीलला सांगताना तुमची चूक झाली, असं होतं. हलकी मागवली तर तुमचं जुनं मत तेच तुमचं खरं मत, आणि 'तुमचं बराबर हाय' हे वाक्य तुमच्या आजाराचं. म्हणजे आपण वाद कुठल्या बाजूनं घालतोय हेच तुम्ही त्या क्षणी विसरला होतात, असं ठरतं. मला ते वाक्य आजाराला द्यायचं नव्हतं. अजूनही द्यायचं नाही.

मी सुनीलला शबाना काय म्हणाली ते फोनवर सांगितलं. त्यानं दुकानातलं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, माझं टकुरं जड हाय म्हनून पुन्यांदा सांगत्यात."

त्यानंच सुचवलं की झाडून बघू. क्लबच्या कपाटात जडीची जुनी वीस आणि हलकीची तीस काडतुसं शिल्लक होती. सेक्रेटरींची परवानगी घेतली आणि गेल्या रविवारी आम्ही दोघं चांदमारीवर गेलो. तुमचं स्टूल सुनीलनं नेहमीच्या जागी आणून ठेवलं. आम्ही दोघंही त्यावर बसलो नाही. दुर्बीण गवतात ठेवून आळीपाळीनं बघत होतो.

प्रत्येकानं दहा जड आणि दहा हलक्या झाडायच्या, असं ठरवलं. माझ्या जड गोळ्या आडव्या फारशा पसरल्या नाहीत, वहीत होतं तसंच. पण वरखाली पसरल्या. सातव्या गोळीपासून मी खांदा आखडून धरत होते, ते माझं मलाच कळत होतं. हलक्यांनी छान घट्ट पुंजका धरला, पण वाऱ्यानं तो उजवीकडं नेऊन ठेवला. सुनीलचं नेमकं उलट झालं. त्याच्या जड गोळ्या मधल्या बशीत बसल्या आणि हलक्या विखुरल्या. तो कागदाकडं बघत राहिला.

"ह्ये तर तुमच्या बाजूनं गेलं, म्याडम."

"आणि माझं तुझ्या बाजूनं."

तेवढ्यात वारा पडला. मग उलटा सुटला. हलकीची दहा काडतुसं उरली होती, ती आम्ही पाच-पाच झाडली आणि त्यांनी आणखीच गोंधळ घातला. मी कागदांवर मापं घेतली, बेरजा केल्या, सरासरी काढली. एवढ्या थोड्या गोळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी दहावीच्या पोरांना शिकवते. तुम्ही असता तर कागद दुरून बघूनच म्हणाला असतात, "दोगंबी नीट झोपला न्हाईसा." आणि ते खरं होतं.

सामान आवरताना सुनील म्हणाला, "तुमीच लिवा काय लिवायचं ते. कागद तुमच्याकडं दिलता त्येंनी, माझ्याकडं न्हाई."

"तुला काय वाटतं? शेवटी ते काय म्हणत होते?"

तो रायफलीची पेटी बंद करत होता. "मला वाटतंय, दोनीबी खरंच म्हनत हुते. तुमच्याकडं बघून तुमचं आठवलं, माझ्याकडं बघून माझं. आता ह्येच्यात खोटं कुठलं काडायचं?"

मला त्याचं बोलणं पटलं असं नाही. पण त्याच्यापेक्षा बरं मला काही सुचलेलं नाही.

परवा मी कागद भरला. एकशे अडुसष्ट लिहिलं. हलकी. चार वर्षं तुमच्याशी भांडून, शेवटी तुम्ही हो म्हटल्यावर, मी तुमची गोळी मागवली. सुनीलला कळवलं तर त्यानं विचारलं, का. मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नाही. मला अजूनही जड गोळीच बरोबर वाटते. वाऱ्याचं गणित बदललेलं नाही. पण जड मागवली असती तर वर्षभर प्रत्येक गोळीला मी विचारत बसले असते की हे चाचांनी मला दिलं की मी त्यांच्या आजारातून काढून घेतलं. हलकी झाडताना निदान तुमच्याशी भांडता तरी येईल. सही एका झटक्यात केली. नंतर मात्र स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. मिस्टर आले, बघून परत गेले.

एक गोष्ट मी शबानाला सांगितलेली नाही आणि सुनीललाही नाही. तुम्हालाच सांगते.

त्या शेवटच्या रविवारी तुम्ही आमच्या आधी निघालात. मी गाडीच्या डिकीत चटई ठेवत होते. चांदमारीच्या गेटातून बाहेर पडलं की डावीकडं आष्टा आणि उजवीकडं सांगली. तुम्ही स्कूटीवर गेटातून बाहेर गेलात आणि उजवीकडं वळलात. मी पाहिलं. मला वाटलं, शबानाकडं चालले असतील. एकदा मनात आलं की हाक मारून विचारावं, पण मी माझ्या आनंदात होते. चटई ठेवली, पट्टा गुंडाळला, कोट घडी करून ठेवला. आठ-दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात तुम्ही त्याच रस्त्यानं परत आलात. अगदी हळू, दोन्ही बाजूंना बघत. गेटासमोर आल्यावर तुम्हाला मी दिसले. तुमचा चेहरा एकदम सुटला, जत्रेत चुकलेल्या माणसाला घरचं कुणी दिसावं तसा. तुम्ही हात वर केलात. मला वाटलं, काही विसरलं होतं ते आणायला गेला असाल. मीही हात वर केला. मग तुम्ही आष्ट्याच्या दिशेनं गेलात आणि मी तुम्ही दिसेनासे होईपर्यंत बघत उभी राहिले, तुम्हाला माझं पटलं म्हणून.